विद्यापीठाच्या आवारातील वारसा वास्तूचा इतिहास कसा लिहावा : गणेशखिंडीच्या मुख्य इमारतीच्या निमित्ताने

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर रविवारी सकाळी थोडा वेळ थांबले, तर फिरायला आलेली मंडळी त्या वास्तूविषयी एकमेकांना काही ना काही सांगताना हमखास ऐकू येतात. कोणी भुयाराची गोष्ट सांगतो, कोणी रँडच्या वधाची, तर कोणी समोरच्या वडांचे वय. या सांगण्यामागे वास्तूविषयीची आस्था असते आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु ज्याला त्या वास्तूचा इतिहास लिहायचा आहे, मग तो विद्यार्थी असो, प्राध्यापक असो की विभागाच्या स्मरणिकेची जबाबदारी अंगावर पडलेला एखादा कर्मचारी असो, त्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबून ‘हे कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर कोठे आणि कसे शोधावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. उदाहरण गणेशखिंडीच्या बंगल्याचे, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे निवासस्थान असलेल्या या मुख्य इमारतीचे घेतले असले, तरी कामाची रीत कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या आवारातील वास्तूला लागू पडते.

आधी वास्तू नेमकी कोणती, ते ठरवावे

हे सांगण्याची गरज वाटू नये, पण पहिली चूक येथेच होते. आजची विद्यापीठाची मुख्य इमारत कागदपत्रांत ‘गव्हर्नमेंट हाऊस’ या नावाने येते. मात्र हे नाव तिच्या एकटीचे नाही. मुंबईत परळला गव्हर्नमेंट हाऊस होते, पुढे मलबार पॉइंटला झाले, आणि पुण्याजवळ गणेशखिंडीच्या आधी दापोडीलाही गव्हर्नरचे निवासस्थान होते. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना कॅप्टन फोर्ड यांच्याकडून विकत घेतलेला दापोडीचा हा बंगला आणि त्याच्याभोवतीची वनस्पती-बाग एकेकाळी नावाजलेली होती. माझ्या उमेदवारीच्या काळात ‘गव्हर्नमेंट हाऊस, दुरुस्ती’ असे शीर्षक असलेल्या कागदांच्या टिपणांवर मी कित्येक आठवडे घालवले, वह्या भरल्या, आणि शेवटी एका पत्रातल्या तळ्याच्या उल्लेखावरून ध्यानात आले की हे सगळे परळविषयी आहे. तेव्हापासून प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर गावाचे नाव लिहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

आजच्या काळातही असाच एक घोटाळा होतो. पुण्याचे राजभवन गणेशखिंडीच्याच परिसरात, विद्यापीठाला लागून आहे, आणि वर्तमानपत्रांतील लेखांत ‘गणेशखिंडीचे राजभवन’ म्हणताना कधी जुना बंगला अभिप्रेत असतो, कधी आजचे निवासस्थान. म्हणून सुरुवातीलाच एका पानावर वास्तूची सगळी नावे आणि त्या नावांचे काळ लिहून ठेवावेत. स्थलनामांच्या जुन्या रूपांचीही नोंद करावी. इंग्रजी कागदांत पुणे ‘पूना’ असते, खडकी ‘किरकी’ असते, दापोडी ‘दापूरी’ असते, आणि आजचे शिवाजीनगर ‘भांबुर्डा’ म्हणून येते. सूचीत आजचे नाव शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही आणि कागद नाहीतच असा त्याचा समज होतो.

एका वास्तूला एकच जन्मतारीख नसते

‘ही इमारत कधी बांधली?’ या प्रश्नाचे एका सालात उत्तर देण्याचा मोह टाळावा. मंजुरी कधी मिळाली, काम कधी सुरू झाले, राहायला कोण कधी आले आणि काम पूर्ण झाल्याची नोंद कधीची आहे, अशा निदान चार तारखा शोधाव्यात. गणेशखिंडीच्या बंगल्याचे काम १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये पुरे झाले. काम सुरू करणारे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८६७ मध्येच पदावरून गेले होते. ते पूर्ण झाले तेव्हा सर सीमोर फिट्झजेरल्ड गव्हर्नर होते. ‘फ्रियरने बांधले’ हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून नवे शहर आखण्याच्या ज्या कामाला फ्रियरच्या कारकिर्दीत वेग आला, त्या कामाशीही हे वास्तुविशारद संबंधित होते.

या दोन सालांच्या मध्ये काय घडले ते पाहिले की तारखांना अर्थ येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि मुंबई इलाख्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सरकारी खजिन्यापासून सट्टेबाजांपर्यंत सर्वांचे हात मोकळे सुटले होते. युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतील बँका आणि कंपन्या बुडाल्या, आणि बंगला मात्र अजून अर्धाच बांधून झाला होता. त्याचा खर्च अंदाजपत्रकाच्या पुढे गेला आणि त्यावरून विलायतेपर्यंत टीका झाली, ती या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. तेजीत आखलेले घर मंदीत पुरे होते तेव्हा काय होते, हा या वास्तूच्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा आहे, आणि तो केवळ ‘१८७१ मध्ये बांधले’ असे लिहिल्याने हातातून निसटतो.

वारसा यादी ही सुरुवात आहे, पुरावा नव्हे

पुणे महापालिकेच्या वारसा यादीत ही वास्तू आहे. यादीतून वास्तूचे नाव, श्रेणी, मालकी, सध्याचा वापर आणि थोडक्यात महत्त्व एवढे कळते. श्रेणीवरून त्या वास्तूत किती बदल करता येतो हे ठरते. पहिल्या श्रेणीत मूळ रूपाला धक्का लावता येत नाही, खालच्या श्रेणींत आतील बदलांना काही वाव असतो. हे नियम महाराष्ट्रात तुलनेने अलीकडचे आहेत, आणि मुंबईची १९९५ ची वारसा नियमावली त्यांतली पहिली. महापालिकेची यादी, राज्य पुरातत्त्व विभागाची ‘राज्य संरक्षित स्मारके’ आणि केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ‘राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि लिहिताना त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. यादीतील ऐतिहासिक मजकूर बहुधा आधीच्या छापील साहित्यावरून घेतलेला असतो. त्यातील साल आपल्या लेखात उतरवून ‘वारसा यादीनुसार’ असे लिहिले, तर आपण एका नकलेची दुसरी नक्कल केलेली असते.

गॅझेटियर कसे वाचावे

छापील साधनांत पहिला मान मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या मालेतील अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा असून तो तीन भागांत १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. शासनाने तो संगणकीय रूपातही उपलब्ध करून दिला आहे. त्यात पुणे शहर आणि छावणीतील ठिकाणांची वर्णने विस्ताराने येतात आणि गणेशखिंडीचाही समावेश आहे. मात्र वाचताना एक गोष्ट विसरू नये. बंगला पुरा झाल्यावर चौदा वर्षांनी हा मजकूर छापला गेला, तो सरकारी अधिकाऱ्यांनी पुरवलेल्या माहितीवर आधारलेला आहे, आणि ज्या खर्चावर टीका झाली त्याविषयी सरकारी ग्रंथ किती मोकळेपणाने बोलेल याचा अंदाज आपणच करायचा असतो. मापे, दिशा, खोल्यांची मांडणी यांसाठी गॅझेटियर उत्तम. हेतू आणि वाद यांसाठी दुसरीकडे जावे.

दुसरीकडे म्हणजे वर्तमानपत्रांकडे. पुण्याचे ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून निघत होते, म्हणजे बंगल्याचा पाया खणला जात असताना शहरात मराठी वृत्तपत्र होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांचा आरंभ १८८१ चा, तेव्हा बांधकामाच्या काळासाठी त्यांचा उपयोग नाही. पुढच्या पन्नास वर्षांसाठी मात्र त्यांना पर्याय नाही.

दप्तरखान्यात जाताना

मूळ कागद मुख्यतः मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि ते काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. त्या इमारतीच्या आराखड्याशीही ट्रबशॉ यांचेच नाव जोडले जाते. ज्याच्या घराचा शोध घ्यायचा, त्याच्याच कमानींखाली बसून कागद चाळायचे, हा योग मला फार मोलाचा वाटतो, आणि तेथे गेल्यावर खिडक्यांच्या कमानी, दगडाची घडण आणि जिन्याचे वळण डोळे भरून पाहून घ्यावे, कारण गणेशखिंडीला परतल्यावर तुलनेला त्याचा उपयोग होतो.

वाचनालयात प्रवेशासाठी ओळखपत्र आणि संस्थेचे शिफारसपत्र सोबत ठेवावे. शाईचे पेन नेऊ नये, शिसपेन्सिल न्यावी. मागणी नोंदवताना विभाग, वर्ष, खंड आणि प्रकरण क्रमांक असा चौपदरी तपशील द्यावा लागतो, आणि तो विभागवार सूचींतून काढावा लागतो. बांधकामासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाचे खंड पाहावेत. १८६३ पासून १८७२ पर्यंतचे प्रत्येक वर्ष स्वतंत्रपणे तपासावे, कारण १८६६ च्या कामाचा वाद १८६९ च्या खंडात निघालेला असू शकतो. खर्चाच्या प्रकरणांसाठी वित्त विभागही पाहावा. पहिल्या भेटीत कागद वाचायला मिळतीलच असे धरून जाऊ नये. पहिला दिवस सूचीचा, असे मनाशी ठरवले म्हणजे निराशा होत नाही.

येथे एक अडचण येते, तिची पूर्वकल्पना असलेली बरी. ‘गणेशखिंड’ हा शब्द शोधू लागले की पत्रांचा ढीग समोर येतो, आणि त्यातील बहुतेक पत्रांचा घराशी काही संबंध नसतो; ती फक्त गणेशखिंडीहून लिहिलेली असतात. इलाख्याचे सरकार थंडीत मुंबईला, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला असे फिरते असे, आणि दप्तर त्याच्याबरोबर हाले. त्यामुळे जून ते ऑक्टोबरच्या दरम्यानच्या पत्रांवर गणेशखिंडीचा पत्ता सर्रास आढळतो. शोधताना पत्त्याची ओळ आणि विषयाची ओळ वेगळी वाचावी. आणि हा ढीग निव्वळ अडगळही नव्हे. हे पावसाळ्यातले घर होते, ही वास्तूविषयीची सर्वांत मोठी गोष्ट त्या तारखांच्या ओळींतूनच सिद्ध होते.

खर्चाचे आकडे उतरवताना चलन अवश्य लिहावे. १८६० च्या दशकात रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता, म्हणजे एका पौंडाचे दहा रुपये होत. रुपया चांदीचा होता; चांदीचा भाव उतरत गेला आणि शतक संपेपर्यंत एका पौंडाला पंधरा रुपये मोजावे लागू लागले. विलायतेतील टीका पौंडांत आणि येथील हिशेब रुपयांत, अशी स्थिती असल्यामुळे चुकीच्या दराने गुणाकार केला तर खर्च दीडपट फुगतो. आजच्या रुपयांत रूपांतर करण्याच्या भानगडीत तर पडूच नये. त्याऐवजी त्याच वर्षी त्याच विभागाने बांधलेल्या दुसऱ्या एखाद्या इमारतीचा खर्च शेजारी ठेवला, तर वाचकाला प्रमाण कळते.

जमिनीसाठी मात्र पुण्यातच काम करावे. पुणे पुराभिलेखागार, म्हणजे १८९१ मध्ये बांधलेल्या इमारतीतील पेशवे दप्तर, येथे जुन्या महसुली कागदांचा मोठा साठा आहे, पण त्यासाठी मोडी वाचता आली पाहिजे. मोडी शिकण्यास वेळ नसेल, तर जाणकाराची मदत घ्यावी आणि लेखात तसा उल्लेख करावा. अलीकडच्या काळासाठी मिळकत पत्रिका, सातबारा आणि फेरफार नोंदी पाहाव्यात. विद्यापीठाचे सुमारे ४११ एकरांचे आवार एका दिवसात एका कागदाने तयार झालेले असते असे गृहीत धरू नये.

येथेच का, हा प्रश्न

चांगल्या इतिहासात वास्तूची जागा समजावून सांगितलेली असते. गणेशखिंड हे नाव डोंगरातील खिंड आणि तिच्याजवळचा गणपती यांवरून आले. चतुःशृंगीचे देवस्थानही जवळच आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य याच टेकड्या आणि मुळा नदी यांच्यामधल्या माळावर उतरले होते. ज्या भूमीवर पेशवाईचा निकाल लागला, तिच्या लगत पन्नास वर्षांनी इंग्रज गव्हर्नरचे घर उभे राहिले. परंतु ‘म्हणूनच ही जागा निवडली’ असे लिहायचे असेल, तर तसे म्हणणारा कागद दाखवावा लागेल. तोवर दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात, एकीला दुसरीचे कारण करू नये.

कागदाशिवायही दिसणारे कारण आगगाडीचे आहे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि मुंबई ते पुणे हा प्रवास सलग गाडीने होऊ लागला. त्याच्या पुढच्याच वर्षी बंगल्याच्या कामाला आरंभ झाला. खडकीची छावणी जवळ, नदी जवळ, शहर हाकेच्या अंतरावर पण गर्दीबाहेर, आणि पाऊस मुंबईच्या मानाने सौम्य. परळच्या घराचे पुढे काय झाले हे ठाऊक असेल, तर या निवडीचे महत्त्व अधिक पटते. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी परळला पटकीने वारल्या, गव्हर्नरांनी त्या घरातले वास्तव्य सोडले, आणि १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा त्याच वास्तूत गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

दगडाजवळ जाऊन पाहणे

कागद पुरे झाले की वास्तूकडे यावे, किंवा खरे म्हणजे दोन्ही आलटून पालटून करावे. कुलसचिवांची लेखी परवानगी घ्यावी, मोजपट्टी, विजेरी, वही आणि कॅमेरा एवढे साहित्य पुरते. इमारत निदान तीन वेळा पाहावी. एकदा सकाळी आणि एकदा सायंकाळी यावे; तेव्हा तिरपा प्रकाश भिंतीवर पडतो तेव्हा छिन्नीचे घाव, नंतर बुजवलेल्या खिडक्यांच्या कडा आणि दगडाच्या रंगातील फरक उठून दिसतात. दुपारच्या उन्हात यांतले काहीच दिसत नाही. तिसरी भेट भर पावसात असावी. पाणी कोठून वाहते, कोठे मुरते आणि कोणता पन्हाळ मूळ मांडणीत बसत नाही हे पाहिले की छपरात कोठे फेरबदल झाले असतील याचा माग लागतो, आणि हे घर तर पावसाळ्यासाठीच होते.

येथील काळसर राखाडी दगड दख्खनचा बेसॉल्ट आहे. शैली इटालियन वळणाची, उंच चौकोनी मनोऱ्याची, आणि तिची तुलना नेहमी राणी व्हिक्टोरियाच्या, इंग्लंडजवळच्या वाइट बेटावरील ऑसबॉर्न हाऊसशी केली जाते. तुलना करावी, पण पुढचे पाऊलही टाकावे. वाइट बेटावरच्या हवेसाठी काढलेली शैली सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसात आणताना सज्जे, कमानींच्या ओवऱ्या आणि गाड्या थांबण्याचे छत यांत काय बदलले, हे पाहिले म्हणजे शैलीचे नाव सांगून थांबण्याची वेळ येत नाही.

काळ ठरवण्यासाठी लहान वस्तू मोठ्या कामाच्या असतात. दुसऱ्या एका आवारातील ‘बंगल्याइतकीच जुनी’ म्हणून दाखवली जाणारी नोकरांची कौलारू चाळ मी पाहत होतो. दुरुस्तीसाठी उतरवलेले एक कौल उलटे करून, धोतराच्या फडक्याने माती पुसली, तेव्हा आतल्या बाजूला ‘बासेल मिशन, मंगलोर’ अशी ठसठशीत अक्षरे उमटलेली दिसली. त्या मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. म्हणजे ते छप्पर त्यापूर्वीचे असणे शक्य नव्हते. चाळीच्या भिंती जुन्या असतीलही, पण छपराविषयीचा वाद तेवढ्या अक्षरांनी मिटला. तसेच लोखंडी तुळयांचे. ‘डॉर्मन लाँग’ हे नाव असलेली तुळई कोठे दिसली, तर ती कंपनी १८७५ ची आहे हे लक्षात ठेवावे. १८७१ मध्ये पुऱ्या झालेल्या इमारतीत ती सापडली तर ती नंतरच्या कामाची खूण समजावी. ठसा कंपनीच्या आरंभाच्या आधीचा असू शकत नाही एवढेच सिद्ध होते. नंतर किती वर्षांनी बसवला, हे दुसऱ्या पुराव्याने ठरवावे.

सांध्यांकडेही नीट पाहावे. चुन्याचा सांधा पांढुरका आणि किंचित मऊ दिसतो, सिमेंटचा करडा आणि कठीण. जुन्या दगडी भिंतीत सिमेंट भरले तर आतली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातून वाट काढते आणि दगडाच्या कडा पापुद्र्यांसारख्या सुटू लागतात. अशी भिंत दिसली तर तिचे छायाचित्र तारखेसह घ्यावे, कारण चुकलेली दुरुस्ती हाही वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे. तपासण्यासाठी भिंत खरवडणे, खिळा घालून पाहणे, रंगाचा पोपडा काढून नेणे हे मात्र मुळीच करू नये.

ऐकीव गोष्टींचे काय करावे

त्या टाकून देऊ नयेत आणि तशाच छापूही नयेत. मुख्य इमारतीखालच्या भुयाराची गोष्ट घ्यावी. भुयार म्हटले की गव्हर्नरची पळण्याची वाट, असे आपण ऐकून असतो. ते तपासण्याचा मार्ग साधा आहे. वाट किती रुंद आणि किती उंच आहे, हातात जिन्नस घेऊन माणूस सरळ चालू शकेल का, हवेसाठी झरोके आहेत का, ती कोणत्या खोलीपाशी निघते आणि कोणत्या दिशेला जाते, हे मोजून कागदावर काढावे. त्या काळच्या मोठ्या बंगल्यांत आगीच्या भीतीने आणि धूर व वास टाळण्यासाठी स्वयंपाकघर मुख्य घरापासून दूर असे, आणि नोकरांच्या जाण्यायेण्याची वाट पाहुण्यांच्या नजरेआड ठेवण्याची काळजी घेतली जाई. मापे या वापराशी जुळतात की पलायनाशी, हे वाचकालाच ठरवता येईल अशा रीतीने मांडावे. मग सांगणाऱ्याची गोष्टही द्यावी, ती कोणी, कोणत्या कामावर असताना ऐकली यासह.

रँडची गोष्ट याहून वेगळी, कारण तिला कागदाचा भक्कम आधार आहे आणि तरीही ती चुकीची सांगितली जाते. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ या बंगल्यावर होता. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांच्या घरांत शिपाई घुसवणारा अधिकारी वॉल्टर रँड तेथून परतत असताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली, आणि बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. तेव्हा ‘रँडला बंगल्यात मारले’ हे चूक, ‘त्या रात्री रँड मेला’ हेही चूक. वास्तूच्या इतिहासात हा प्रसंग लिहिताना समारंभ, रस्ता आणि मृत्यू यांची स्थळे व तारखा वेगवेगळ्या ठेवाव्यात. आणि हेही पाहावे की तो जून महिना होता. गव्हर्नर पुण्यात होता, दिवे लागले होते, पाहुणे गाड्यांतून जात-येत होते, ते गणेशखिंड हे पावसाळ्यातले ठिकाण होते म्हणून. २२ जुलै १९३१ रोजी वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर फर्ग्युसन कॉलेजात गोळ्या झाडल्या, तोही पावसाळाच. ऋतूचे असे भान ठेवले की सुट्या वाटणाऱ्या घटना एका घराच्या दिनक्रमात बसतात.

जुन्या छायाचित्रांनाही हीच शिस्त लावावी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात गणेशखिंडीची एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे आहेत. चित्राखालची ओळ ही छायाचित्रकाराची असेलच असे नाही, ती अल्बम लावणाऱ्याने पुढे कधीतरी लिहिलेली असू शकते. त्याच ठिकाणी, शक्य तितक्या त्याच कोनातून आजचे छायाचित्र घ्यावे आणि झाडे, पायऱ्या, कठडे एकेक करून ताडून पाहावेत.

विद्यापीठाची वर्षे

बहुतेक लेख १९४७ पाशी संपतात, आणि हे मला मनापासून खटकते. गव्हर्नरांनी हे घर सुमारे पाऊण शतक वापरले; विद्यापीठानेही ते आता पाऊण शतकाहून अधिक काळ वापरले आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर होते. आरंभी कचेरी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या आवारातील निजाम गेस्ट हाऊसमध्ये होती आणि १ जून १९४९ पासून ती गणेशखिंडीला आली. जेथे गव्हर्नरच्या भेटीसाठी निमंत्रण लागे, तेथे परीक्षेचा अर्ज घेऊन खेड्यातला मुलगा येऊ लागला, हा बदल वास्तूच्या आयुष्यातील सर्वांत मोठा. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. खोल्यांची नावे, भिंतींवरील तैलचित्रे, कोणत्या दालनात कोणता विभाग किती वर्षे होता, दरबाराची खोली सभागृह कशी झाली, या नोंदी आताच करून ठेवल्या नाहीत तर पुढे कोणालाच करता येणार नाहीत.

यासाठी वार्षिक अहवाल, व्यवस्थापन मंडळाची इतिवृत्ते आणि स्थावर विभागाच्या दुरुस्तीच्या धारिका पाहाव्यात. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात आधी विचारावे. मागूनही एखादी धारिका मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘इमारतीची सर्व माहिती’ असे न लिहिता ‘अमुक ते अमुक वर्षांतील मुख्य इमारतीच्या छपराच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके’ असे नेमके लिहावे, म्हणजे देणाऱ्यालाही शोधणे सोपे जाते.

आणि माणसांशी बोलावे. निवृत्त शिपाई, माळी, सुतार, तारतंत्री यांना इमारतीची जी ओळख असते ती कुलगुरूंनाही नसते. त्यांच्या घरी जावे, घाई करू नये, आणि प्रश्न तारखांचे नव्हे तर कामाचे विचारावेत. ‘कोणत्या साली छत गळले?’ याला उत्तर मिळत नाही. ‘पावसात बादल्या कोठे कोठे ठेवत होता?’ असे विचारले की माणूस उठून बोटाने हवेत खोल्यांचा नकाशा काढू लागतो. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी संमती घ्यावी, आणि नाव छापायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे.

लिहायला बसताना

टिपणांची वही तीन रकान्यांची असावी. पहिल्यात विधान, दुसऱ्यात ते कोठून घेतले, तिसऱ्यात ते कागदाने, दगडाने की माणसाने सांगितले. तिन्हींपैकी दोघे सांगत असतील ते विधान निःशंकपणे लिहावे. एकच सांगत असेल तर त्याचे नाव वाक्यातच घ्यावे: ‘गॅझेटियरनुसार’, ‘भिंतीतील सांध्यावरून दिसते की’, ‘येथे तीस वर्षे काम केलेल्या माळ्याच्या आठवणीप्रमाणे’. दोघे परस्परविरुद्ध बोलत असतील, तर दोन्ही बाजू छापाव्यात. नकाशा स्वतः काढावा, उत्तर दिशा दाखवावी, आणि आपण कोणत्या खोल्यांत जाऊ शकलो नाही हेही त्यावर नोंदवावे.

मजकूर पुरा झाला की त्याची एक प्रत, वह्या, मापांचे कागद आणि मुलाखतींच्या ध्वनिफितींसह, ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी आणि पहिल्या पानावर आपण इमारत शेवटची कोणत्या दिवशी पाहिली ती तारीख लिहावी.